दोडामार्गच्या माकडांकडे जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला माकडांच्या वागण्याचा अभ्यास करायला तू जाणार, म्हणून हे चार शब्द.

वनखात्याची परवानगी हातात पडेपर्यंत जंगलात पाऊल टाकू नकोस. अर्ज काही महिने आधीच दे, कागद फिरायला वेळ लागतो.

पहिला महिना आकडे नकोत, ओळखी हव्यात. प्रत्येक माकडाचं एक कार्ड कर: चेहरा डावीकडून, उजवीकडून, कानाची खाच, शेपटीचा बाक, तुटलेलं बोट. दोन दिवसांनी कार्ड न बघता ओळखता आलं नाही, तर ते माकड अजून अनोळखीच समज.

मग दर १५ मिनिटांनी टोळीवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरव. माकड दिसलं की मनात पाच मोज आणि त्या क्षणी ते जे करतंय तेच लिही. दिसताक्षणी लिहिलंस तर वहीत उड्या आणि भांडणंच भरतात. डोळा हलत्या गोष्टीकडे धावतो, फांदीआड कोवळं पान चघळणारी मादी राहून जाते. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी १९७४ साली नोंदींतल्या अशाच गफलती उलगडून दाखवल्या. एकाच माकडाचा पाठलाग असेल तर १० मिनिटं त्याचीच, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव. शेजारी हाणामारी जुंपली तरी मान वळवायची नाही. ते झाडीत शिरलं तर ‘दिसत नाही’ लिहून सेकंद मोज. १० पैकी ४ मिनिटं ते दिसलंच नाही, तर हिशेब ६ मिनिटांवरच मांडायचा. नवखे इथेच घसरतात.

बागायतदाराला ‘नुकसान किती?’ असं नुसतं विचारू नकोस. त्याच्यासोबत फिरून पडलेले नारळ मोज, भोकं नीट बघ. शेकरू आणि उंदीरही नारळ पोखरतात, पण खापर बहुतेक वेळा माकडावरच फुटतं.

खाऊ कधीच द्यायचा नाही. तुला सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी खोलीतच राहा, आपले आजार त्यांनाही लागतात.

त्या भागात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले आहेत. डिसेंबर ते मे जास्त जपायचं, तेव्हा गोचिडीची बारीक पिल्लं चावतात. पँट मोज्यात खोच, पाचोळ्यावर बसू नकोस, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ कर आणि कपडेही गरम पाण्यातच धू. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, ५० मीटर लांबूनच जागा आणि वेळ टिपून वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळव.

आणि हो, नोंदी पेन्सिलीनेच कर. कोकणातल्या पावसात शाईचं काय होतं ते कळायला एक सर पुरते.