मावशीचा पेला

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज मी बसमध्ये ऐकला आणि एकटीच हसत बसले. "आई, आजी मावशीला रोज रात्री पिवळं दूध देते. मी मागितलं तर म्हणाली, ते बाळंतिणीचं आहे. मला का नाही? आणि त्यात असतं तरी काय?" मागे पाऊस कोसळत होता आणि आजी "खिडकी लाव गं" म्हणून ओरडत होती. ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरातली स्वयंपाकघराची ती खिडकी श्रावणात फुगते, खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. माझ्या लहानपणापासून ती दुरुस्त व्हायचीच आहे.

बाळंतीण म्हणजे जिला नुकतंच बाळ झालंय ती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत, म्हणून मावशी ऐरोलीचं घर सोडून आजीकडे आलीय. आता सव्वा महिना शेक, धुरी, कानाला रुमाल, गार पाण्यात हात घालायचा नाही वगैरे वगैरे. यातलं सगळंच मला पटतं असं नाही. विशेषतः ते सारखं झोपून राहणं; थोडं चालल्याफिरल्याशिवाय अंगात बळ यायचं कसं? दुधाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.

आज रात्री ओट्यापाशी उभी राहा आणि बघ. आजी पेलाभर दूध तापत ठेवते, त्यात पाव चमचा हळद, दोन चिमूट सुंठ आणि एक मिरी ठेचून. हळदीतलं जे कामाचं असतं ते नुसतं अंगी फारसं लागत नाही, मिरी आणि दुधातली साय सोबत असली की जास्त लागतं. आजीला हे कुणी शिकवलं नाही, ती तिच्या आईसारखं करते एवढंच. भिजवून सोललेले चार बदाम आणि थोडी खसखस वाटून घालते. ओलं आलं किसून घालू नकोस हं कधी, दूध फाटतं. सुंठ चालते.

मग ती सहाण काढते. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून जायफळ दोनच वळसे फिरवते. तू मोज, तिसरा वळसा ती देत नाही. दगडावर तपकिरी गोल उमटतो, तो बोटाने निपटून दुधात बुडवते आणि बोट चाटते. (ते मोजायचं नाही हं.) जायफळाने झोप छान लागते असं आपल्याकडे म्हणतात, जास्त झालं तर मात्र मळमळतं, गरगरतं. म्हणून तर जांभळी नाक्यावरून आणलेली दोन जायफळं आजीला वर्षभर पुरतात.

गूळ सगळ्यात शेवटी. हे तुझ्या बाबाला विचार! तू झालीस तेव्हा आम्ही इथे लीड्समध्ये, जानेवारीची थंडी, आणि आजीचा व्हिसा लांबलेला. पहिल्या रात्री बाबाने उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकला आणि पातेल्यात पाणी एकीकडे, गाठी एकीकडे. आजी फोनवर म्हणाली, "अहो, आधी खाली उतरवायचं, जरा निवू द्यायचं, मग गूळ!" दुसऱ्या रात्री जमलं. आठवडाभराने घरी तपासायला आलेल्या सुईणबाईंनी माझ्या गाऊनवरचा पिवळा डाग पाहून काळजीने विचारलं की हे काय आहे. हळद म्हटल्यावर त्यांनी कृती लिहून घेतली.

आजी आली ती तीन आठवड्यांनी, बॅगेत डिंक, हळीव, बाळंतशेपा घेऊन. खसखस तेवढी काढून ठेवली होती, कारण विमान दुबईमार्गे होतं आणि तिथे खसखस न्यायला बंदी आहे.

आता खरं-खोटं. या दुधाने अंगावरचं दूध वाढतं असं आजी म्हणेल. खरं म्हणजे बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. पण आईने पोटभर खाल्लं-प्यायलं पाहिजे हेही तितकंच खरं. शेजारच्या काकू म्हणतील, पोटुशी असताना केशर प्यायलं की बाळ गोरं होतं. हसून सोडून दे. रंग आईबाबांकडून येतो, आणि मावशीचं बाळ सावळंच गोड आहे. पोटात बाळ असताना आजीने मावशीला दिलं ते वेगळं, नुसतं वेलची-केशराचं साधं दूध. सुंठ-जायफळाचा हात तेव्हा आखडता. हळीव तर बाळंतपणानंतरच.

एक गोष्ट मात्र आजीला तू सांग, माझं ती ऐकत नाही. मावशीची लोहाची गोळी ती या दुधाबरोबर देते ना? दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट अंगी लागत नाही. दोघांत दोन तासांचं अंतर हवं. गोळी दुपारी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. हळिवातही लोह असतं, म्हणून आजी लाडवांसाठी ते दुधाऐवजी नारळपाण्यात भिजवते ते शहाणपणाचंच.

आणि तुला का नाही? तुलाही चालेल. कोजागरीला आपण पितो ते मसाल्याचं दूध याचंच भावंड. आजीने नाही म्हटलं त्याचं कारण वेगळं असावं. घरात सध्या येणारा-जाणारा जो तो बाळाला बघतो. झबली, टोपडी, घुंगरूवाळा, सगळं बाळाचं. मावशी नीट झोपली का, हे बहुतेक कुणी विचारतही नाही. दिवसभरात तिच्या एकटीच्या नावाची अशी एकच गोष्ट, तो पितळी पेला. माझ्या वेळी मी माझा पेला चुलीपासून कपाटापर्यंत कुणाला हात लावू दिला नव्हता, बाबाला तर नाहीच.

तेव्हा आजीला म्हण, मला दुसऱ्या कपात दे, जायफळाशिवाय. आणि मावशी दूध पिईल तेवढा वेळ बाळाला तू मांडीवर घे. आधी हात धू, भिंतीला टेकून बस, मानेखाली हात ठेव. ती पेला सावकाश संपवते, घाई करू नकोस.

तुझी,
आई