प्रपोजलला ‘नाही’ कोण म्हणणार?

प्रश्न : सर, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक ओपन सोर्स टूल आम्ही सहा-सात जण मिळून चालवतो. कोणी मोठा बदल सुचवला की इश्यूवर (त्या बदलाच्या चर्चेच्या पानावर) कमेंटवर कमेंट पडत राहतात, निर्णय काही होत नाही, मग कोणीतरी वैतागून थेट पीआर (बदललेला कोड) टाकतो आणि बाकीचे चिडतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसारखी पेपची, म्हणजे बदलाचं लेखी प्रपोजल मांडून त्यावर निर्णय घ्यायची, पद्धत सुरू करावी का? टेम्प्लेट कुठलं घ्यावं? — एक मेंटेनर, सांगली

उत्तर : टेम्प्लेट नंतर बघू हो. आधी हे सांगा की तुमच्याकडे शेवटचं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाला आहे? पत्रात कुठेच दिसलं नाही, आणि मला वाटतं सगळं तिथेच अडलंय, कारण ते ठरलेलं नसेल तर कितीही सुंदर फॉर्म भरून घ्या, कमेंटी पडतच राहणार.

पायथॉनचंच बघा ना. पेपची पद्धत २००० सालापासून आहे, नियम पक्के, सगळं व्यवस्थित, पण शेवटचा शब्द तेव्हा ती भाषा बनवणाऱ्या एकट्या गिडो व्हॅन रोसमचा. २०१८ मध्ये पेप ५७२ आला, म्हणजे तो वॉलरस ऑपरेटर (:= हे नवीन चिन्ह), त्याच्यावर इतकी भांडणं झाली की गिडोने तो मंजूर केला आणि जुलैमध्ये सरळ सांगून टाकलं की मी थकलो, आता तुमचं तुम्ही बघा. वारस नेमला नाही. मग पुढचे काही महिने निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरवण्यात गेले, त्यासाठीही पेपच लिहिले गेले, ८०१० ते ८०१६ असे सात, डिसेंबरमध्ये मतदान झालं आणि पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल आली. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टची ही गत, तर तुमचं काय घेऊन बसलात! सहा-सात जणांत दोघं किंवा तिघं ठरवा आणि रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) नावं टाका. स्वतःच्याच प्रपोजलवर कोणी निर्णय द्यायचा नाही, एवढा एक नियम करा, बास.

दुसरं म्हणजे मुदत. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांची एक गोष्ट मला फार आवडते. चर्चा पुरेशी झाली असं वाटलं की टीममधला कोणीतरी जाहीर करतो की हे आम्ही घेणार आहोत, किंवा बंद करणार आहोत, किंवा पुढे ढकलणार आहोत, मग टीमचे लोक त्याला संमती देतात आणि तिथून १० दिवसांची शेवटची मुदत सुरू होते, त्यात नवीन मुद्दा असेल तर बोला. यात ‘बंद करणार’ हेही आधी सांगतात, त्यामुळे लिहिणाऱ्याला धक्का बसत नाही.

कुबरनेटीसचा (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणारं मोठं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) फॉर्म मात्र उचलू नका. त्यांच्याकडे अल्फा, बीटा, स्टेबल असे टप्पे, वर प्रॉडक्शन रेडिनेसची (प्रत्यक्ष वापराला तयार आहे का याची) वेगळी तपासणी, ते त्यांना लागतं, तुम्ही भरत बसलात तर कोड लिहायला कोणी उरणार नाही. ‘गो’ या प्रोग्रामिंग भाषेची पद्धत तुम्हाला बसेल, आधी छोटा इश्यू, त्यावर बोलणं, आणि खरंच गरज असेल तरच लांब डिझाइन डॉक्युमेंट. बग फिक्सला प्रपोजल नकोच. फाइल फॉरमॅट बदलतोय, कमांडचं नाव बदलतंय, जुन्या वापरणाऱ्यांचं काही मोडतंय, तेव्हा मागा.

आणि नाकारलेलं पुसू नका!! कारणासकट ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी नवीन माणूस तीच आयडिया घेऊन येतो आणि तुम्ही परत पहिल्यापासून. पेपमध्ये ‘नाकारलेल्या कल्पना’ असा वेगळा भागच असतो, मी तर कुठलाही पेप उघडला की आधी तोच वाचतो. कधी कधी अख्खा विषयच बंद करावा लागतो. ‘गो’मध्ये २०१९ ला एरर हँडलिंगसाठी (प्रोग्रॅममधल्या चुका हाताळण्यासाठी) ‘ट्राय’चं प्रपोजल आलं, शेकडो कमेंट पडल्या, टीमने स्वतःच ते मागे घेतलं, तरी लोक वर्षानुवर्षं नवनवीन सिंटॅक्स (कोड लिहायची रचना) सुचवतच राहिले. शेवटी जून २०२५ मध्ये टीमने जाहीर केलं की नजीकच्या काळात यासाठी सिंटॅक्स बदलणार नाही, अशी प्रपोजलं आम्ही खोलात न जाता बंद करू. काही जण नाराज झाले असतील, पण निदान वाट तरी बघत बसले नाहीत.

प्रश्न : मी थर्ड इयरला आहे. एका प्रोजेक्टला डिझाइन प्रपोजल पाठवलं होतं, रिजेक्ट झालं. परत पाठवू का, की लोक हसतील? — एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : अगं, हसायचं काय त्यात! २००६ मध्ये खुद्द गिडोने स्विच स्टेटमेंटसाठी (अनेक पर्यायांतून एक निवडायची रचना) पेप ३१०३ लिहिला होता. पुढच्या वर्षी पायकॉन या पायथॉनच्या परिषदेतल्या भाषणात त्याने समोरच्यांचा कौल घेतला, फारसा पाठिंबा दिसला नाही, पेप रिजेक्ट. ज्याने भाषा बनवली त्याचा! नंतर २०२१ मध्ये पायथॉन ३.१० ला तशाच कामाचं मॅच स्टेटमेंट आलं ते वेगळ्या पेपमधून, वेगळ्या रूपात.

तेव्हा पाठव, पण तेच परत पाठवू नको. नकाराचं कारण नीट वाच आणि त्याचं उत्तर प्रपोजलमध्येच लिही. बरीच नवीन मुलं उपायावर चार पानं लिहितात आणि अडचण कोणाला येते ते दोन ओळीत उरकतात, ते उलटं कर. आणि आतलं कोणीतरी गाठ, पायथॉनमध्ये तर लेखकांत एकही कोअर डेव्हलपर नसेल तर स्पॉन्सर, म्हणजे पाठीशी उभा राहणारा आतला माणूस, लागतोच.

प्रश्न : प्रपोजल मंजूर करून वर्ष होत आलं, लिहिणारा गायब आहे. काय करावं? — एक वाचक, पणजी

उत्तर : एकदा नीट विचारा, महिनाभर थांबा, मग ‘स्थगित’ असं लिहून टाका. मंजूर म्हणजे झालं असं नसतं, पेपसुद्धा त्याचा कोड मुख्य कोडमध्ये मर्ज झाल्याशिवाय ‘फायनल’ होत नाही. दुसरं कोणी करायला तयार असेल तर खुशाल द्या, फक्त पहिल्याचं नाव सहलेखक म्हणून राहू द्या, पायथॉनवालेही शक्यतो तसंच करतात.