भाकरी खाऊनही शुगर का वाढते? आणि असेच काही प्रश्न

प्रश्न: शुगर निघाल्यापासून पोळी बंद केलीय, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरीच खाते, तरी जेवणानंतरची २२० च्या खाली येत नाही. असं का?

ताई, आधी सांगा तुमची भाकरी केवढी असते? आमच्याकडे येणाऱ्यांना मी एकदा तरी पीठ वजनकाट्यावर ठेवायला लावते, कारण हाताने थापलेल्या मोठ्या भाकरीत ७० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज (पिठातला जो भाग पचून रक्तात साखर होतो तो), आणि पातळ फुलका २५ ग्रॅम पिठाचा, त्यात १७-१८. झाला ना हिशोब, एक भाकरी म्हणजे जवळपास तीन फुलके! ज्वारी चांगलीच आहे, फायबर आहे, पण "भाकरी चालते" म्हणून दोन-दोन खाल्ल्या तर शुगर वाढणारच. अर्धी-पाऊण घ्या, आणि नुसत्या ठेच्याबरोबर नको, सोबत मटकीची उसळ नाहीतर पिठलं, पालेभाजी, काकडी पाहिजे. आधी काकडी-उसळ खा, भाकरी मागून, एवढ्यानेही फरक पडतो. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा, साधारण १८० च्या आत यायला हवी (तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा).

प्रश्न: संकष्टीला साबुदाण्याची खिचडी चालेल का? आई म्हणते हलकी असते.

पोटाला असेल हलकी, शुगरला नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ च्या वर कार्ब्ज, प्रोटीन नावापुरतं, आणि वरून आपण त्यात बटाटा घालतो 😄 खायचीच तर चार चमचे, दाण्याचं कूट भरपूर आणि वाटीभर दही. भगर घेतलीत तरी वाटीभरच, दाण्याच्या आमटीबरोबर. पण ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या दिवशी डोस काय ठेवायचा ते डॉक्टरांना आधीच विचारा, न खाता गोळी घेतली की शुगर धाडकन खाली येते.

प्रश्न: साखरेऐवजी गूळ?

नाही. काकवी, खजूर, मध, हेही विचारू नका.

प्रश्न: हापूस अगदीच बंद का?

बंद नाही हो. शुगर आटोक्यात असेल तर अर्धा आंबा, कापून, रस काढून नाही, आणि त्या जेवणात एक फुलका कमी. जेवणावर "स्वीट डिश" म्हणून घेण्यापेक्षा चारच्या सुमाराला चार-पाच बदामांबरोबर खाल्लात तर आणखी बरं.