ग्रँडमास्टर आणि लेखक अशी दुहेरी कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते?

आपण विचारले आहे की, बारावीनंतर महाविद्यालयात न जाता पूर्ण वेळ बुद्धिबळ खेळायचे आणि ग्रँडमास्टर (बुद्धिबळातील सर्वोच्च किताब) झाल्यावर स्पर्धांची बक्षिसे पुरली नाहीत तर पुस्तके लिहून निर्वाह करायचा, हा आपल्या मुलाचा विचार कितपत व्यवहार्य आहे. मी स्वतः ग्रँडमास्टर नाही. सोलापुरात शाळकरी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. परंतु अशा दुहेरी कारकिर्दीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे इंग्लंडचे जॉन नन, आणि त्यांची पुस्तके माझ्या शिकवणीत नेहमीच्या वापरात असल्यामुळे त्यांच्या आधारेच उत्तर देतो.

नन यांचा जन्म १९५५ चा. गणितातील असामान्य गतीमुळे त्यांना पंधराव्या वर्षीच ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला. १९७८ मध्ये त्यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी गणितातील डॉक्टरेटही पूर्ण केली. त्यानंतरही काही काळ ते विद्यापीठात शिकवत राहिले आणि १९८१ मध्ये व्यावसायिक खेळाडू झाले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हा क्रम फार महत्त्वाचा आहे. शिक्षण आणि किताब या दोन्ही गोष्टी हाती आल्यावर, नोकरी असताना आणि विचारपूर्वक त्यांनी तो निर्णय घेतला. पुढे नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील मानाची स्पर्धा त्यांनी १९८२ मध्ये संयुक्तपणे आणि १९९० व १९९१ मध्ये सलग दोनदा जिंकली. १९८४ च्या थेस्सालोनिकी येथील बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, संघाच्या दुसऱ्या पटावर अकरा डावांत दहा गुण मिळवले आणि इंग्लंडच्या संघाने रौप्यपदक पटकावले.

लेखन त्यांनी खेळ संपल्यावर पोटापाण्याची सोय म्हणून हाती घेतले, असे मात्र घडलेले नाही. ज्या दिवसांत ते जगातील पहिल्या दहांच्या आसपास होते, त्याच दिवसांत ते लिहीतही होते. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो तो हत्तीच्या शेवटांवरचा, म्हणजे डावाच्या अखेरीस मोजकीच मोहरी उरलेल्या स्थितींवरचा, १९९२ चा ग्रंथ. राजा, हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध राजा आणि हत्ती, एवढ्याच पाच मोहऱ्यांचा तो अभ्यास आहे. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी संगणकावर अशा प्रत्येक स्थितीचा निकाल काढून ठेवला होता; पण संगणक केवळ ‘जीत’ किंवा ‘बरोबरी’ आणि जिंकायला लागणाऱ्या चाली सांगतो, कारण सांगत नाही. ते कारण शोधून माणसाला पटावर आठवेल अशा शब्दांत मांडणे, हे काम नन यांनी केले. फिलिडोरचा बचाव, म्हणजे या शेवटात बरोबरी राखण्याची पद्धत, आमच्याकडची मुले पाठ करतात: बचाव करणाऱ्याने आपला राजा प्याद्यासमोर ठेवायचा, हत्तीने आपल्या बाजूची तिसरी आडवी ओळ अडवून धरायची आणि प्यादे त्या ओळीवर आले की हत्ती पार दूर नेऊन मागून शह देत राहायचे. परंतु प्यादे पुढे येण्याआधीच हत्तीने ती ओळ सोडली, तर बरोबरीचा डाव हातचा का जाऊ शकतो, हे पाठांतराने कळत नाही. ते समजावून सांगण्यासाठी लेखकाला प्रत्येक फाटा (पुढच्या चालींचा संभाव्य क्रम) स्वतः तपासावा लागतो, आणि माझ्या मते याच सवयीने त्यांचा खेळही टोकदार राहिला. बुद्धिबळातील कोडी सोडवण्याचे जागतिक विजेतेपद त्यांनी २००४, २००७ आणि २०१० मध्ये मिळवले, तर २०२२ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ते पासष्ट वर्षांवरील गटाचे जगज्जेते झाले.

उत्पन्नाविषयी स्पष्टच सांगायला हवे. बुद्धिबळाच्या पुस्तकांचा वाचकवर्ग मर्यादित आहे आणि लेखकाच्या हाती विक्रीचा लहानसा हिस्साच येतो. नन यांनीही नुसते लिहिण्यावर न थांबता १९९७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह गॅम्बिट ही प्रकाशनसंस्था उभारली आणि संपादनाचे कामही केले. आपल्याकडे अनेक ग्रँडमास्टरांना आधार मिळतो तो सार्वजनिक उपक्रमांतील खेळाडूंसाठीच्या नोकऱ्यांचा आणि प्रशिक्षणाचा. पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले आणि २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते कर्णधार होते. खेळण्याइतकेच शिकवणेही कारकीर्द कसे घडवते, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

ग्रँडमास्टर किताबासाठी २५०० रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचे गुणांकन) आणि साधारणतः तीन नॉर्म (एखाद्या स्पर्धेत किताबाच्या दर्जाची कामगिरी) लागतात, म्हणजे किमान सत्तावीस डावांत २६०० च्या तोडीची कामगिरी, आणि तीही पुरेसे ग्रँडमास्टर व परदेशी खेळाडू समोर असताना. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला किंवा सिद्धेश्वरने मुंबईला जाऊन रेटिंग स्पर्धा खेळणे मध्यमवर्गीय कुटुंबाला जमते. पण नॉर्मच्या स्पर्धांसाठी वारंवार परदेशी जायचे, तर प्रवास, मुक्काम आणि प्रशिक्षक यांचा खर्च बक्षिसांतून क्वचितच भरून निघतो. हा खर्च किती वर्षे पेलता येईल, याचा हिशेब मुलासमोर बसूनच करावा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. त्याने इथल्याच महाविद्यालयात नाव घालावे, सुट्ट्यांत स्पर्धा खेळाव्यात आणि रेटिंग २४०० च्या पुढे गेल्यावर पूर्ण वेळेचा विचार पुन्हा करावा.

लेखनाची त्याला खरोखर ओढ असेल तर त्यासाठी किताबाची वाट पाहू नये. हरलेल्या प्रत्येक डावावर त्याने संगणक न लावता आधी स्वतःच्या शब्दांत, मराठीतच, टिपण लिहावे: कोणत्या चालीला काय वाटले होते, कोणता फाटा पाहिलाच नव्हता. संगणकाची पडताळणी दुसऱ्या दिवशी वेगळ्या वहीत करावी आणि दोन्ही वह्या प्रशिक्षकाला दाखवाव्यात.