दहा टनी विंच दहा टनांचं यंत्र ओढतो का?

गुजरातमध्ये अंकलेश्वर आणि मेहसाण्याच्या तेलक्षेत्रांत मी रिग, म्हणजे विहीर खोदायचा सगळा सांगाडा, हलवणाऱ्या टोळीत 22 वर्षं काढली. पंप, इंजिनं, टाक्या, जनरेटर असं सगळं लोखंडी स्किडवर, म्हणजे घसरत ओढता येणाऱ्या चौकटीवर, बसवलेलं असतं. एका विहिरीचं काम संपलं की ते दुसऱ्या विहिरीवर न्यायचं. त्यासाठीचा ट्रक वेगळा. फाळके नसलेली सपाट बॉडी, केबिनच्या पाठीशी विंच (पोलादी दोर ड्रमवर गुंडाळत ओढणारं यंत्र) आणि शेपटाला आडवा जाड रोलर. विंचचा दोर स्किडला अडकवला की यंत्र रोलरवरून वर चढतं, क्रेन लागत नाही. लातूरला परत आल्यावर बघतो, तर आपल्याकडेही साध्या ट्रकांवर विंच बसवून पोकलेन, साखर कारखान्यांचे रोलर, ट्रान्सफॉर्मर चढवले जातायत. शिकवायला मात्र कुणी नाही. त्यामुळे माझ्याकडे त्याच त्याच शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यांतल्या काहींची उत्तरं इथे एकत्र देतो.

माझ्या 20 टनी पोकलेनचं इंजिन बसलंय. ट्रकवाला म्हणतो, 10 टनी विंच बास झाला, मशीन चेनवर आपोआप वर सरकते. बरोबर आहे का? (औसा)

बरोबर नाही. पोकलेनची चेन फिरवणाऱ्या मोटरीत ब्रेक असतो. तो स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. इंजिन बंद असेल तर दाब नाही, म्हणजे ब्रेक लागलेलाच. अशी मशीन सरकत नाही, फरफटत येते. 15 अंशांच्या रॅम्पवर 20 टनांपैकी साधारण 5.2 टन नुसत्या चढाचे. लोखंडावर लोखंड घासतं त्याचे आणखी 7 ते 8 टन. झाले 13 टन. फायनल ड्राइव्ह, म्हणजे चेनला फिरवणारा गिअरचा भाग, मोकळी करून चेन फिरती केली, तर हाच ओढा 7 टनांच्या आसपास येतो.

मग 10 टनी विंच पुरेल, असं तुम्ही म्हणाल. पाटीवर लिहिलेले 10 टन हे ड्रमवरच्या पहिल्या थराचे असतात. दोर जसा थरावर थर चढतो, तसा ओढा कमी होतो. ड्रम 200 मिमीचा आणि दोर 20 मिमीचा असेल, तर चौथ्या थरावर 10 टनांचे साडेसहाच उरतात. काम अडतं ते नेमकं मशीन अर्ध्या रॅम्पवर असताना.

उपाय आहे. मशीनला कप्पी लावून दोर परत ट्रकवर आणून बांधला की ओढा जवळजवळ दुप्पट होतो. पण मशीनकडच्या कप्पीवर आणि तिच्या शॅकलवरही (पिनने बंद होणाऱ्या जाड कडीवरही) दुप्पट भार येतो, हे कुणी लक्षात घेत नाही. शिवाय चेन मोकळी केलेल्या मशीनला स्वतःचा ब्रेक राहत नाही. मागे येऊ नये म्हणून दुसरा दोर आणि ठोकळे घेऊन माणूस तयार हवा. फायनल ड्राइव्ह त्या कंपनीच्या मेकॅनिककडूनच सोडवून घ्या. वजनाचा हिशेब कागदावर मांडून देणारा माणूस भेटेपर्यंत मशीन जागेवर राहू द्या.

मशीन लांब असेल तर ड्रमवरचा सगळा दोर सोडला तर चालतो का? (जालना)

नाही. किमान 5 वेढे ड्रमवर कायम हवेत, कारण भार वेढे धरतात, टोकाची कडी धरत नाही.

माझे यजमान विंचच्या ट्रकवर हेल्पर आहेत. दोर ड्रमवर नीट बसावा म्हणून त्यांना हातमोजे घालून ड्रमजवळ उभं करतात. दोरावर ओली गोणी टाकली की तुटला तरी उसळत नाही, असं ते सांगतात. मला भीती वाटते. (हिंगोली)

ताई, तुमची भीती खरी आहे. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. यावर मी थोडं जास्तच लिहिणार आहे.

आधी हातमोज्याचं. वापरातल्या दोराच्या काही तारा तुटून वर आलेल्या असतात, गव्हाच्या कुसळासारख्या. हातमोज्यात अशी एक तार अडकली की हात दोराबरोबर ड्रमकडे जातो. विंच कितीही हळू फिरत असला, तरी ओरडून ऑपरेटरला थांबवेपर्यंत बोटं आत गेलेली असतात. दोर हाताने बसवायचाच नसतो. ट्रक ओढायच्या रेषेत सरळ उभा केला आणि सुरुवातीपासून दोरावर थोडा ताण ठेवला, तर तो आपोआप बसतो. बसत नसेल तर ट्रक वाकडा उभा आहे. ट्रक हलवा, माणूस लावू नका.

आता गोणीचं. बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर मी मिलचा रोलर चढवत होतो. शॅकलची मूळ पिन हरवली होती आणि तिच्या जागी टोळीतल्या एकाने डब्यातला नट-बोल्ट घातला होता. मी तो पाहिला होता. "एवढं ओढून घेऊ, मग बदलू," असं मीच म्हणालो. दोर ताणला की त्याच्या लडींतून (तारा पिळून केलेल्या पदरांतून) ग्रीसचे बारीक थेंब बाहेर येतात, वरची धूळ झडते आणि बारीक करकर ऐकू येते. तशी करकर आली आणि बोल्ट तुटला. दोरावर ओली गोणी होती. ती जागच्या जागी राहिली आणि दोर तिच्याखालून निघून गेला. वीस पावलांवरच्या लिंबाची साल कमरेएवढ्या उंचीवर हातभर सोलली गेली. वाटेत आमचा एक पोरगा होता. त्याची नडगी दोन ठिकाणी मोडली. तो आजही लंगडतो. त्याची आई भेटली की मी मान खाली घालतो.

ताणलेल्या पोलादी दोरात साठलेली शक्ती गोणीने थांबत नाही. गोणीचा तोटा असा, की ती टाकली की माणसांना धीर येतो आणि ती जवळ येतात. आपल्याकडे यंत्र चढवायचं म्हटलं की निम्मं गाव बघायला जमतं, पोरं बांधावर बसतात. दोर ताणण्याआधी ही सगळी मंडळी लांब गेली पाहिजेत. ताणलेला दोर जितका लांब, किमान तितकं अंतर सगळ्या बाजूंनी. कप्पी लावली असेल तर दोराच्या दोन्ही पायांमधल्या कोनात तर कुणीच नको, कारण कप्पी सुटली तर ती त्याच बाजूला येते. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. इशारा एकच माणूस देईल, पण "थांबा" कुणीही म्हणू शकतं, आणि ते ऐकलं की ऑपरेटरने थांबायचं.

तुमच्या यजमानांना ड्रमजवळ उभं राहायला स्वच्छ नकार देऊ द्या. दोर, शॅकल आणि कप्पी वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यायची शिस्त 1948 च्या कारखाने कायद्याने घालून दिली होती (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली). शेवटच्या तपासणीचा दाखला ट्रकमालकाकडे मागा. तो दाखवत नसेल, तर काम कारखान्यात चालतं तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी द्या. हे पुढच्या खेपेच्या आत करा.

तेलाच्या रिगवरचा दोर अर्ध्या किमतीत मिळतोय. रिगवरचा म्हणजे मजबूतच ना? विकणारा 25 टनी म्हणतो. (वाळूज)

घेऊ नका. तो रिगवरून बाहेर कसा आला याचा विचार करा. रिगवर किती वजन किती अंतर हललं याची नोंद ठेवतात. ठरलेला आकडा आला की दोर पुढे सरकवतात आणि वापरलेला तुकडा कापून टाकतात. म्हणजे तिथल्या जाणत्यांनी ज्याला संपलेला ठरवलं, तोच दोर ग्रीस फासून तुमच्यासमोर ठेवलाय.

25 टनी म्हणण्यातही फसवणूक आहे. 20 मिमीचा चांगल्या प्रतीचा, पोलादी गाभ्याचा नवा दोर साधारण 25 टनांना तुटतो. हा तुटण्याचा भार झाला, काम करायचा नव्हे. उचलायच्या कामासाठी त्याला 5 ने भागतात, म्हणजे 5 टन. ओढण्यासाठी किती धरायचं ते विंचच्या पुस्तिकेत बघा. दोर नवाच घ्या, कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रासकट. आणि असलेला दोर बघायला शिका: लडीचा एक पूर्ण फेरा होतो तेवढ्या लांबीत 6 तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच लडीत 3, तर दोर बाद. पीळ उलगडून दोर पिंजऱ्यासारखा फुगला असेल किंवा गाठ पडून वाकला असेल, तर तारा मोजायचीही गरज नाही.

शेततळं खोदताना पोकलेन काळ्या रानात रुतली. पाऊस चालू आहे. विंचने ओढायची का? (परभणी)

रुतून किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेकांचा फोन तिसऱ्या दिवशी येतो, तोवर पोटाखाली पाणी साचलेलं असतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि लोखंडाला चिकटून बसते. साधा अंदाज असा: चाकं किंवा चेन बुडेपर्यंत रुतलेल्या यंत्राला त्याच्या वजनाइतका ओढा लागतो, त्याहून खोल गेलं तर दुप्पट किंवा जास्त. 20 टनांच्या मशीनला 20 ते 40 टन. एवढं ओढताना तुमचा ट्रकच मशीनकडे सरकत जाईल.

आधी पाणी काढा. चेनच्या पुढे माती उकरून उतार करा, मुरूम आणि दगड भरा, बाजूने चर काढा म्हणजे मातीची पकड सुटते. ट्रक रानात नको, रस्त्याच्या पक्क्या भागावर उभा करा. दोर बाभळीला किंवा विजेच्या खांबाला बांधू नका. आणि दोर मशीनच्या खालच्या सांगाड्याला, कंपनीने दाखवलेल्या जागीच अडकवा. बूमला अडकवून ओढलेल्या मशीन मी पाहिल्यात. त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात क्रेन सहज आली असती. इतकं खोल रुतलं असेल तर अनुभवी माणसाला जागेवर बोलावून घ्या. फोनवर सांगण्यासारखं हे काम नाही.

मशीन एवढी जड आहे, तिला ट्रेलरवर बांधायची काय गरज? एजंट म्हणतो रात्री काढू, परवाना नको. (नांदेड)

बांधलीच पाहिजे. जोरात ब्रेक लागला तर वजनाच्या 80 टक्के जोर पुढे जातो आणि वळणावर 50 टक्के बाजूला. वजनाने हा जोर थांबत नाही, उलट वाढतो. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, बूम आणि बकेटला वेगळी. पहिल्या काही किलोमीटरांवर थांबून पुन्हा आवळा.

परवान्याचं: वाहन-मालाच्या रुंदीची मर्यादा 2.6 मीटर आहे आणि 20 टनी पोकलेन 2.8 मीटरच्या आसपास असते. म्हणजे परवानगी लागतेच, रात्रीही. माल बाहेर आला तर 20,000 रुपये दंड आणि माल उतरवायचा आदेश, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये आहे. आरटीओत स्वतः विचारा, एजंटला नको. मार्गावरच्या विजेच्या तारांसाठी महावितरणच्या उपविभागाला आधी कळवा. रस्ता ओलांडणारी 11 केव्हीची तार किमान 6.1 मीटर उंचीवर असली पाहिजे, पण शेतरस्त्यांवर ती झुकलेली असते.

दोराच्या फासाला यू-क्लिप कुठल्या बाजूने लावायची? (उदगीर)

क्लिपचं खोगीर (नटांखालचा खाचेचा तुकडा) भार घेणाऱ्या दोरावर, यू मोकळ्या टोकावर, सगळ्या क्लिप एकाच दिशेने. 20 मिमीच्या दोराला किमान 4, आणि पहिला भार दिल्यावर पुन्हा आवळा. तरीही फास दोराच्या ताकदीच्या 80 टक्केच धरतो. उचलायच्या कामाला क्लिपचा फास नकोच, दाबून बसवलेल्या फेरूलचा (धातूच्या नळीचा) दोर चाचणी दाखल्यासकट विकत घ्या.