शाळेचं सक्तीचं जेवण आणि 'ओव्हरवेट'चा शेरा

ताई, चौथीतल्या लेकीच्या आरोग्य तपासणीच्या कागदावर 'ओव्हरवेट' आलंय, शाळेत जेवण आणि दुपारचा खाऊ सक्तीचा, घरचा डबा चालत नाही, मग रात्रीचं काय कमी करू, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे मुलाच्या वेळी अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांचं बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

रात्रीचं जेवण मुळीच कमी करू नका. भाकरी, पालेभाजी, वरण असं धड पोटात जाण्याची तिची तेवढी एकच वेळ आहे.

आधी ती शाळेत खरोखर काय खाते ते काढून घ्या. 'किती खाल्लंस?' असं नका विचारू, 'ताटात काय उरलं?' असं विचारा. आमच्या शाळेच्या मेनूवर पोळी, उसळ, कोशिंबीर, वरणभात असायचं. पोळ्या वातड म्हणून मुलं टाकायची, कोशिंबीर शेवटच्या तुकडीपर्यंत पोचायचीच नाही, मग भातावर तेलाचा तवंग असलेला रस्सा, आणि साडेतीनला जॅम-ब्रेड किंवा नूडल्स, सोबत पाकिटातला गोड ज्यूस. वाढदिवसांचे केक वेगळेच.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो शाळेच्या ऑफिसनं. एका मुलामागे तेल किती, साखर किती, एवढंच मी विचारत होते. ऑफिस म्हणे कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणे आम्ही फक्त मॅनेजमेंटशी बोलतो, आणि मॅनेजमेंट म्हणे मेनू डाएटिशियननं ठरवलाय. सगळं वर्ष यात गेलं. याच ऑफिसनं तपासणीचे कागद पाकिटात न घालता मुलांच्या हातात दिले. बसमध्ये ते मोठ्यानं वाचले गेले. त्यानंतर माझा मुलगा शाळेत चारचौघांत जेवेनासा झाला आणि घरी आल्या आल्या बिस्किटांचे पुडे संपवायला लागला. वजन आणखी वाढलं ते तिथून. मला अजूनही याचा संताप येतो. मुलाचं वजन हा पालक आणि डॉक्टर यांच्यात बोलायचा विषय आहे.

सरकारी शाळांतल्या पोषण आहाराला पहिली ते पाचवीसाठी माणशी प्रमाण ठरलेलं आहे: धान्य 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50, तेल 5 ग्रॅम. मग भरमसाट फी घेणाऱ्या शाळेला तेलाचा आकडा का सांगता येऊ नये?

तेव्हा तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या नियमांचा उल्लेख करा. जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकायला त्यात बंदी आहे. महाराष्ट्र सरकारनंही 2017 मध्ये शाळांच्या कॅन्टीनमधल्या जंक फूडवर बंदीचा आदेश काढला होता. जमलं तर पालक-शिक्षक संघातल्या दोन-चार पालकांच्या सह्या घ्या, एकट्या पालकाला टोलवणं सोपं असतं. आम्हाला शेवटी डबा न्यायची परवानगी मिळाली ती बालरोगतज्ज्ञांच्या पत्रावर. माझ्या मते तुम्ही सुरुवातच तिथून करा.

डॉक्टरांकडे उंची-वजन पुन्हा मोजून घ्या, शाळेत बूट न काढताही मोजतात. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तक्ता लावू नका, मुलांचा वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी असा वेगळा असतो. वाढत्या वयात पुष्कळदा वजन आहे तिथेच राहून उंची वाढली तरी भागतं, पण ते डॉक्टर ठरवतील. आणि मानेवर मागच्या बाजूला मखमलीसारखा काळपटपणा दिसत असेल तर मळ समजून बेसन लावून घासत बसू नका. ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं, आवर्जून दाखवा.

शाळा कोणत्या बोर्डाची आहे ते लिहा. सीबीएसईची असेल तर साखरेची माहिती देणारे फलक लावायला बोर्डानं 2025 मध्ये शाळांना सांगितलंय, तेही अर्जात घालता येईल. मसुदा मी करून देते.