आधी परजीवी कुठे लपलाय ते बघ, नॅनोचं नंतर

तुझ्या एम.फार्मच्या कामाची सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, काल रात्री नीट वाचली. कडुनिंबाचा अर्क, त्याचे नॅनोपार्टिकल्स, म्हणजे अतिसूक्ष्म कण, आणि काला आजार, म्हणजे सँडफ्लाय या बारीक माशीतून पसरणारा लिश्मॅनिया परजीवीचा आजार, विषय मला मनापासून आवडला, कारण या आजारावर काम करायला फार कमी मुलं येतात, रुग्ण बिहार-झारखंडच्या खेड्यातले, हातावर पोट असलेले, त्यामुळे औषध कंपन्यांनाही त्यात फारसा रस नसतो. पण एक गोष्ट आधीच सांगते, तू पानभर लिहिलंयस की कण किती नॅनोमीटरचे असतील, आणि परजीवी शरीरात नेमका कुठे राहतो यावर दीड ओळ. हे उलटं पाहिजे.

काला आजारावरचं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी तुला माहितीच असेल, २०२१ मध्ये म्युकरच्या वेळी आपल्याकडे नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरत होते तेच हे. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन किडनीला त्रास देतं. तेच औषध चरबीच्या बारीक गोळीत, म्हणजे लायपोसोममध्ये बसवलं की शरीराला ती गोळी परकी वाटते आणि यकृत-प्लीहेतले मॅक्रोफेज, म्हणजे परकं काही दिसलं की गिळणाऱ्या पेशी, तिला गिळून टाकतात. एरवी नॅनोवाल्यांची हीच मोठी डोकेदुखी असते, की औषध पोचायच्या आधीच मॅक्रोफेजनी खाल्लं. पण लिश्मॅनिया राहतोच मुळी मॅक्रोफेजच्या आत! म्हणून इथे ती डोकेदुखीच कामाला आली. मुझफ्फरपूरला झालेला ट्रायल २०१० मध्ये छापून आला, किलोमागे १० मिलिग्रॅम, एकच डोस, आणि सहा महिन्यांनी ९५.७ टक्के रुग्ण बरे. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनचे दिवसाआड १५ सलाइन दिले तेव्हा ९६.३ टक्के. म्हणजे औषध जास्त जालीम झालं नाही, रुग्णाचे महिनाभराचे हेलपाटे वाचले, मजुरी बुडणं वाचलं. नॅनोचा फायदा असा मोजायचा असतो. आणि हो, भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या टीमने मोठं काम केलंय, त्यांचे पेपर आधी वाच, मग परदेशातले.

आता हीच युक्ती मलेरियाला लावायला गेलीस तर चालणार नाही, कारण तो परजीवी लाल पेशीत असतो आणि लाल पेशी काही कण गिळत नाहीत. पोटातल्या जंतांना तर औषध आतड्यातच राहिलेलं बरं, अल्बेंडाझोल नीट शोषलं जात नाही हे तिथे चांगलंच आहे. पण तेच अल्बेंडाझोल जंताच्या अळीने मेंदूत झालेल्या गाठींसाठी द्यायचं असेल तर तुपातेलाच्या जेवणासोबत देतात, शोषण वाढावं म्हणून. औषध तेच, पत्ता वेगळा.

वनस्पतीबद्दल. आजीच्या बटव्यावर माझा राग नाही, वावडिंग लहानपणी आम्हीही घेतलंय. पण मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनची गोष्ट बघ, चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथात वाचलं की झाड उकळायचं नाही, पाण्यात भिजवून पिळायचं, त्यावरून उष्णतेने औषध मरतंय हे ओळखलं आणि १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. मग रेणू वेगळा केला. तो पाण्यात विरघळत नव्हता म्हणून पुढे आर्टेसुनेट आलं, जे शिरेतून देता येतं, आणि त्यासाठी नॅनो लागलं नाही, रसायनशास्त्रातच सुटलं. तुझ्या अर्कातला कुठला रेणू काम करतोय हे सांगता येत नसेल तर कणात नेमकं काय आणि किती भरलं हे तरी कसं सांगणार? पानं कुठून, कुठल्या महिन्यात तोडली, सगळं लिहून ठेव, आणि नमुना पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेकडून ओळखून घे, बाजारात वावडिंगाच्या नावाखाली भलतीच फळं सर्रास मिळतात.

सिल्व्हर नॅनोपार्टिकल्सचा पर्याय मात्र काढून टाक. पानांच्या रसाने चांदीचे कण बनवले, परजीवी मेले, आणि श्रेय कडुनिंबाला, असे ढिगाने पेपर आहेत. चांदी स्वतःच मारते, माणसाच्या पेशीही मारते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेस्ट. तू फक्त प्रोमॅस्टिगोटवर करणार असं लिहिलंयस, ते रूप सँडफ्लायच्या पोटातलं, वाढवायला सोपं, म्हणून सगळे तेच करतात. माणसात असतो तो अमॅस्टिगोट, मॅक्रोफेजच्या आत बसलेला. औषधाला आधी पेशीचं आवरण ओलांडायचं, मग परजीवी ज्या पिशवीत बसलाय तिचं, आणि तिथे आम्लही असतं. तुझ्या कणांची खरी परीक्षा तिथेच आहे, ती सोडून दिलीस तर नॅनो केलंस कशाला? सोबत रिकामे कण, नुसता अर्क, नुसतं अ‍ॅम्फोटेरिसिन आणि परजीवी नसलेले मॅक्रोफेज, एवढे कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, हवेतच. शेवटच्या कंट्रोलवरून कळतं की परजीवी मेला की त्याच्यासकट घरमालकही मेला. प्लेट रीडर हे यंत्र रंगावरून निकाल मोजतं, त्यात अर्काच्या रंगाचा गोंधळ होतो, म्हणून अर्क आहे पण पेशी नाहीत अशीही एक रांग ठेव.

अमॅस्टिगोटच्या कामाला वेळ लागेल, आधी मॅक्रोफेज कल्चर शिकावं लागेल, गाइड कदाचित म्हणतील एवढं एम.फार्मला कशाला. मी बोलते त्यांच्याशी. तू तोवर चांदीवाला भाग काढ, परजीवीचा भाग नव्याने लिही आणि सोमवारी दुपारी घेऊन ये.

— मॅडम